विजेच्या स्टिअरिंगचा स्वभाव आणि बिघाड

स्पोर्ट्स कार हे वाहन केवळ एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्याकरिता कोणी विकत घेत नाही. दोघांपुरतीच जागा, सामानाची सोय जेमतेम, जमिनीपासूनची उंची इतकी अल्प की आपल्याकडील गतिरोधकावरून जाताना मालकाचा जीव टांगणीला लागावा, आणि किंमत ऐकून सामान्य गृहस्थाने विषय बदलावा, अशा या वाहनाचे समर्थन व्यवहाराच्या हिशेबाने करताच येत नाही. ते एकाच गोष्टीने होते, आणि ती म्हणजे चालवताना मिळणारा आनंद. हा आनंद सगळा इंजिनात साठवलेला असतो असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. परंतु ज्यांनी अशा गाड्या वर्षानुवर्षे हाताळल्या आहेत ते परीक्षक इंजिनाच्या बरोबरीने, क्वचित त्याच्याही आधी, स्टिअरिंगविषयी बोलू लागतात. हे स्टिअरिंग बोलके आहे, ते मुके आहे, हे जड असूनही काही सांगत नाही, ते हलके असूनही सर्व कळवते, असे त्यांचे अभिप्राय नवख्याला गूढ वाटतात. त्यातच, तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग जाऊन त्याच्या जागी विजेच्या मोटरचे आले तेव्हापासून रस्ता हाताला लागेनासा झाला, ही तक्रार गेली पंधरा-वीस वर्षे सातत्याने ऐकू येते. ही तक्रार खरी किती आणि केवळ गतकाळाची हळहळ किती, हे ठरवण्यापूर्वी हाताला लागते ते नेमके काय, याचा तपास करणे इष्ट आहे.

गाडी आणि रस्ता यांचा संबंध चार टायरांच्या जेमतेम तळहाताएवढ्या चार भागांपुरताच असतो. वळण घेताना पुढचे चाक ज्या दिशेला रोखलेले असते आणि प्रत्यक्षात ते ज्या दिशेने जाते, त्या दोहोंत काही अंशांचा फरक पडतो. रबर बाजूला ताणले जाते आणि त्या ताणातून गाडीला वळवणारे बल उत्पन्न होते. हे बल टायरच्या स्पर्शभागाच्या बरोबर मध्यावर न लागता थोडे मागे, दोन-तीन सेंटिमीटर मागे, लागते, आणि म्हणून ते चाकाला पुन्हा सरळ करू पाहते. चालकाच्या हाताला चक्राचे जे वजन जाणवते त्याचा मोठा भाग या सरळ होऊ पाहणाऱ्या ओढीचा असतो. आता यातील मर्म असे की, वळण जसजसे तीव्र होते तसतसा स्पर्शभागाचा मागील अंश घसरू लागतो, बलाचा मध्यबिंदू पुढे सरकतो आणि ती ओढ घटू लागते. आणि हे घडते टायरची पकड संपण्याच्या किंचित आधी. सामान्य टायरमध्ये ओढीचा कळस तीन-चार अंशांच्या आसपास येऊन जातो, पकडीचा कळस मात्र सहा ते दहा अंशांपर्यंत लांबतो. या दोहोंमधल्या अंतरात चक्र हाताखाली हलके होऊ लागते, आणि कुशल चालकाला पुढील चाके सुटण्याच्या बेतात आहेत ही वार्ता, ती सुटण्यापूर्वीच, पोहोचते. परीक्षक ज्याला स्टिअरिंगचा फील म्हणतात त्याचा गाभा हाच. बाकी डांबराचा खडबडीतपणा, रस्त्याचा उतार, एखादा ओला पट्टा, या गोष्टी त्याच्या भोवतीने येतात.

हे बल प्रत्येक गाडीत निसर्गतःच उत्पन्न होते. प्रश्न एवढाच की ते हातापर्यंत येताना वाटेत किती गळते. ज्या काळी मदतीची यंत्रणाच नव्हती त्या काळी काहीच गळत नसे, पण उभ्या गाडीचे चक्र फिरवताना दंडाची परीक्षा होत असे. अमेरिकेतील फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर तेलाच्या दाबाने साहाय्य करणारे स्टिअरिंग बसवून दाखवले. तरी सामान्य ग्राहकाच्या हाती ते येण्यास १९५१ साल उजाडावे लागले आणि तो मान क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीकडे गेला. या रचनेत इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप अखंड फिरतो. चक्राचा दांडा आणि खालचा दंतचक्राचा तुकडा यांच्यामध्ये एक बारीक सळई असते. चालकाने जोर लावला की ती काही अंश पिळली जाते, त्या पिळाने एक झडप उघडते आणि शंभर बारच्या घरातील दाबाचे तेल रॅकच्या, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या आडव्या दंतपट्टीच्या, योग्य बाजूला शिरते. तेल हे माध्यम फारसे जड नाही आणि त्याला स्वतःचे मतही नाही. रस्त्याकडून आलेला सूक्ष्म कंप त्याला बाजूला सारून दांड्याने वर चढतो. हा गुण कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. तो त्या रचनेचा अनायासे झालेला लाभ होता. तरीही त्या काळी त्यावर नापसंती व्यक्त झालीच. पोर्शच्या ९११ या गाडीला १९८९ च्या ९६४ या पिढीपर्यंत कसलेही साहाय्य नव्हते, आणि ते आले तेव्हा जुन्या निष्ठावंतांनी नाक मुरडले होते. ज्या तेलाच्या स्टिअरिंगसाठी आज उसासे टाकले जातात, त्याचा प्रवेशही असाच कुरकुरीत झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विजेच्या मोटरने साहाय्य करण्याची कल्पना प्रथम उतरली ती लहान गाड्यांत. लहान इंजिनाला सदैव फिरणाऱ्या पंपाचा भार सोसत नाही, म्हणून जपानमध्ये १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीला ती बसवली गेली. दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, होंडाने आपल्या एनएसएक्स या अत्यंत महत्त्वाकांक्षी स्पोर्ट्स कारच्या स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीत तिचा अवलंब केला; हाताने गिअर बदलणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकाला मात्र त्या वेळी विनासाहाय्य स्टिअरिंगच दिले जाई. या एका भेदातच कंपनीचा स्वतःचा कौल वाचता येतो. १९९९ च्या एस२००० मध्ये हीच विद्या आली, तेव्हा नऊ हजार फेऱ्यांपर्यंत चढणाऱ्या तिच्या इंजिनाची स्तुती करणाऱ्या लेखण्या स्टिअरिंगपाशी येऊन अडखळल्या. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींतही आज याच जातीचे स्टिअरिंग असते, आणि भाजी बाजाराच्या गर्दीत एका बोटाने चक्र फिरवणाऱ्याला त्याविषयी कृतज्ञतेखेरीज दुसरे काही वाटण्याचे कारण नाही.

या नव्या रचनेत दांडा तोच आहे, पिळली जाणारी सळईही तीच आहे. केवळ झडपेच्या जागी पीळ मोजणारा संवेदक बसला आहे. तो पिळाचे मान एका नियंत्रकाला कळवतो, नियंत्रक गाडीचा वेग व चक्राचा कोन पाहतो आणि मोटरला किती विद्युत्प्रवाह द्यायचा ते ठरवतो. लहान गाडीत ही मोटर चालकाच्या गुडघ्यांपाशी, दांड्यावरच, वर्म गिअरच्या मध्यस्थीने बसवलेली असते. भारी गाडीत ती खाली रॅकवर असते आणि पट्टा व गोळ्यांचा स्क्रू यांच्या द्वारे रॅकला ढकलते. मग दांडा अखंड असताना वार्ता अडते कोठे? पहिला अडथळा मोटरच्या जडत्वाचा. चक्राच्या एका फेऱ्याला मोटर वीस फेरे घेत असेल, तर तिचे जडत्व हाताला वीसच्या वर्गाने, म्हणजे चारशेपट, जाणवते. रस्त्यावरून वर येणाऱ्या सूक्ष्म कंपाला आधी हे ओझे हलवावे लागते, आणि बहुधा ते त्याच्या आवाक्याबाहेर असते. दुसरा अडथळा दात्यांच्या घर्षणाचा. हे दोन्ही दोष झाकण्याकरिता नियंत्रकात गणिते घातलेली असतात, ती मोटरला आगाऊ थोडे ढकलून जडत्व व घर्षण नाहीसे झाल्याचा आभास निर्माण करतात; ती चांगली जमली तर चक्र जिवंत वाटते, नाही जमली तर चिकट किंवा पोकळ.

तिसरा अडथळा मनुष्यकृत आहे आणि तोच मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. नियंत्रकाची भूमिका जुन्या संस्थानातील कारभाऱ्यासारखी असते: रयतेचे अर्ज त्याच्या दप्तरात येतात, आणि त्यांपैकी कोणता सरकारस्वारीच्या कानी घालायचा व कोणता परस्पर निकालात काढायचा, हे तो ठरवतो. बाजूच्या वाऱ्याने किंवा रस्त्याच्या उताराने गाडी एकीकडे ओढू लागली, तर नियंत्रक ती ओढ ओळखून मोटरकरवी गुपचूप निस्तरतो. चालकाला दाखलाही मिळत नाही. खड्ड्याचा हिसका तो सौम्य करतो. ब्रेक लावताना होणारी थरथर तो शोषून घेतो. दूरच्या प्रवासाला निघालेल्या कुटुंबवत्सल माणसाला हा बंदोबस्त सुखाचा आहे. परंतु ज्याने रस्त्याची कैफियत ऐकण्यासाठीच इतका पैसा मोजला, त्याला तो अन्याय वाटतो. अर्थात हा अन्याय यंत्राने केलेला नसून कंपनीच्या कोण्या अभियंत्याने, सर्व ग्राहकांची सरासरी काढून, मसुद्यात लिहिलेला असतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण पोर्शचेच. ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते, त्यामुळे वजनाचा सुमारे तीन-पंचमांश भाग मागे आणि पुढची चाके हलकी. अशा गाडीत पुढच्या टायरांची अवस्था क्षणोक्षणी कळणे ही चैनीची बाब नव्हे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिचे चक्र सरळ रस्त्यावरही चालकाच्या हातात किंचित वळवळत राही आणि भक्तांना ती वळवळ प्रिय होती. सप्टेंबर २०११ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ९९१ ही पिढी सादर झाली ती रॅकवर बसवलेल्या विजेच्या मोटरसह, आणि ती वळवळ नाहीशी झाली. चक्र अचूक होते, वळणात शिरण्याची तत्परता पूर्वीपेक्षा अधिक होती, टायर सुटू लागल्याची कल्पनाही येत होती. पण शांत रस्त्यावर हाताला काही लागत नव्हते. टीकेचा गदारोळ उठला. पुढे २०१३ च्या जीटी३ या आवृत्तीत, आणि नंतरच्या सुधारणांत, त्याच जातीची यंत्रणा अधिक मोकळी सोडण्यात आली आणि टीकेची धार बरीच बोथट झाली. मूळ तत्त्व न बदलता केवळ जुळणीने एवढा फरक पडला, यावरून दोष विजेकडे किती आणि मसुद्याकडे किती याचा निवाडा होण्यास मदत होते. माझ्या मते विजेला दोषी धरणारे परीक्षक त्या वेळी थोडे घाईचे ठरले. पण त्यांनी आरडाओरडा केला नसता तर मसुदा बदलण्याची निकड कोणाला भासली असती, हाही प्रश्न आहेच.

माझदाने २०१५ च्या एमएक्स-५ मध्ये विजेचेच स्टिअरिंग घेतले, आणि गाडी हलकी असल्याने तिला ते सोपेही गेले. फेरारीने मात्र २०१७ च्या ८१२ सुपरफास्टपर्यंत वाट पाहिली. मॅक्लारेन अजूनही तेलाला चिकटून आहे. तेथे पंप विजेवर फिरतो, पण रॅकला ढकलते ते तेलच. बाकीच्यांनी वीज स्वीकारण्याची कारणे चालकाच्या हाताशी फारशी संबंधित नाहीत: पंपाचा सततचा भार वाचून इंधन वाचते, आणि गाडीने स्वतः पार्किंगमध्ये शिरावे किंवा लेन सोडू लागताच परत यावे, ही कामे फिरवायला मोटर असल्याशिवाय होत नाहीत.

येथवर जे सांगितले तो स्वभाव झाला. बिघाड ही निराळी वस्तू आहे, आणि दोहोंची गल्लत झाल्याने निरोगी गाड्या गॅरेजात खितपत पडतात व आजारी गाड्या, यांचे असेच असते म्हणून, रस्त्यावर फिरत राहतात. ओळखण्याची कसोटी मात्र साधी आहे. स्वभाव रोज सारखा असतो: सकाळी, दुपारी, डावीकडे, उजवीकडे, नवीन असताना आणि तीन वर्षांनी. जे उष्णतेने बदलते, एकाच बाजूला अधिक जाणवते, हळूहळू वाढत जाते किंवा येते आणि जाते, ते बिघाडाच्या सदरात घालावे.

या बिघाडांत पहिला मान बॅटरीचा आहे, आणि तो सहसा कोणी तिला देत नाही. उभ्या गाडीचे चक्र पूर्ण वळवताना मोठ्या गाडीची मोटर ऐंशी-शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. स्पोर्ट्स कार आठवडेच्या आठवडे आच्छादनाखाली झाकून ठेवण्याची मालकांची रीत असल्यामुळे बॅटरी खंगते. इंजिन सुरू करताना व्होल्टेज दहाच्या आसपास घसरते आणि पुढ्यातील पटावर स्टिअरिंगचा दिवा पेटतो. अर्थिंगच्या वायरचा सैल किंवा गंजलेला बोल्ट हेच घडवून आणतो. स्टिअरिंगने आपण होऊन गाडी वळवणे हा सर्वांत भयंकर संभव मानला जातो, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ २६२६२ या सुरक्षा-मानकात अशा यंत्रणेला सर्वोच्च दक्षतेच्या वर्गात ठेवले जाते. म्हणून नियंत्रकाला जराशी शंका आली, दोन संवेदकांचे आकडे जुळले नाहीत, वेगाची खबर आली नाही किंवा व्होल्टेज उतरले, की तो मदत थांबवतो. चालकाला हा अचानक कोसळलेला अनर्थ वाटतो. वस्तुतः ती ठरवून घेतलेली माघार असते. तपासणीस जाताना एक ध्यानात ठेवावे: स्वस्त स्कॅनर केवळ इंजिनाचे, पी या अक्षराने सुरू होणारे संकेतांक वाचतो, स्टिअरिंगचे गाऱ्हाणे सी किंवा यू या अक्षरांखाली नोंदलेले असते, आणि ते न वाचताच 'काही दोष नाही' असा दाखला देणारे कारागीर कमी नाहीत.

उष्णतेचा प्रकार याच्या जवळचा. रेसच्या ट्रॅकवर रुंद, चिकट टायर लावून तासभर गाडी पळवली, किंवा अरुंद जागेत चक्र पुन्हा पुन्हा टोकापर्यंत फिरवून तेथेच दाबून धरले, तर मोटर तापते आणि नियंत्रक तिला वाचवण्याकरिता मदत हळूहळू कमी करतो. थोड्या विश्रांतीने ती परत येत असेल तर वरच्या कसोटीला हा अपवाद समजावा, काळजीचे कारण नाही. याउलट, रॅकच्या टोकाचा रबरी बूट फाटून पावसाळ्यात पाणी आत शिरले, तर स्क्रू व गोळ्या गंजतात. आधी किंचित खरखर, मग जडपणा, असा त्याचा क्रम असतो, आणि तेथे विश्रांतीचा उपयोग नाही. सर्व्हिसिंगला गाडी वर चढवली असता या बुटाकडे दोन मिनिटे पाहिले तर रॅकची किंमत वाचते. दांड्यावरच्या मोटरमध्ये वर्म गिअर झिजला किंवा मोटर व गिअर यांच्यामधील रबरी जोड सडला की खडबडीत रस्त्यावर खटखट ऐकू येते. कित्येकदा मात्र दोष स्टिअरिंगचा नसतोच: हवा कमी झालेला टायर, चुकलेले अलाइनमेंट, सैल बॉल जॉइंट यांनी चक्राचा स्वभाव इतका बदलतो की विजेवर संशय येतो.

चिकट स्टिअरिंगचे अलीकडचे प्रकरण या सर्वांत बोधप्रद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे सतरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत साध्या सिव्हिकबरोबर तिची शर्यतीच्या वळणाची बहीण, टाइप आर, हीसुद्धा होती. महामार्गावर सरळ जाताना चक्र मध्यावर किंचित चिकटे. दिशा अल्पशी दुरुस्त करावयास जावे तर आधी ते हलत नसे आणि मग हवे त्याहून अधिक हले. कारण वर्म गिअरच्या चाकात सापडले: ते उष्णतेने व दमटपणाने किंचित फुगे, दात्यांवरचा ग्रीसचा थर हटे, आणि गिअर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा दाबही अधिक होता. उपाय म्हणून नवी स्प्रिंग व ग्रीसची नव्याने मांडणी एवढेच करावे लागले. या दोषात दिवा पेटत नाही आणि संकेतांकही उमटत नाही, कारण विजेच्या अंगाने सर्व यथास्थित असते. त्याचा शोध लागतो तो केवळ हाताला, आणि ज्याला निरोगी चक्राचा स्वभाव ठाऊक आहे अशाच हाताला.

मदत पूर्णपणे गेली तरी चक्र आणि चाके यांचा संबंध तुटत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. दांडा आहे तोवर गाडी वळते. वेगात असताना तर पुष्कळदा फारसा फरक कळत नाही, आणि म्हणूनच पुढच्या चौकात वेग उतरल्यावर चक्र एकाएकी जड झालेले पाहून चालक गोंधळतो. आधुनिक स्पोर्ट्स कारचे चक्र लहान आणि वळण शीघ्र असल्याने हा जडपणा जुन्या विनासाहाय्य गाडीपेक्षा पुष्कळ अधिक असतो. २०१४ मध्ये जनरल मोटर्सने अशाच अकस्मात थांबणाऱ्या साहाय्यापायी अमेरिकेत तेरा लाखांवर गाड्या परत बोलावल्या होत्या, तेव्हा धोका सांगितला गेला तो याच मंद वेगाचा.

जुनी स्पोर्ट्स कार घेऊ इच्छिणाऱ्याने यास्तव दिव्यावर विसंबू नये. गाडी थंड असताना एकदा आणि अर्धा तास चालवून तापल्यावर पुन्हा, सपाट व सरळ रस्त्यावर चक्र मध्यापासून एक-दोन अंश दोन्हीकडे हलवून पाहावे. मग कारागिराकडून पुढची चाके जॅकवर उचलवून, साहाय्य बंद ठेवून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. केवळ मध्यावर अडत असेल तर वर्म गिअर किंवा रॅक झिजला आहे असे समजून किंमत त्या मानाने पाडून मागावी. जडपणा दर अर्ध्या फेऱ्याला, ठरावीक जागी, येऊन जात असेल तर मोटर निर्दोष आहे. दांड्याच्या खालच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट बहुधा गंजलेला असतो, आणि त्याचा खर्च संपूर्ण रॅकच्या मानाने किरकोळ आहे.